दहा ते चार: हिवाळ्यात जपानच्या लहान गावांतून रेल्वेने, आजी आणि मुलांसकट

जपानच्या सहलीचं नियोजन बहुतेक जण ठिकाणांच्या यादीपासून सुरू करतात. आम्हीही तेच केलं होतं. एक्सेलमध्ये सोळा ओळी, प्रत्येक ओळीत तीन ठिकाणं. मग मी जानेवारीतल्या कानाझावाचा सूर्यास्त किती वाजता आहे ते पाहिलं. संध्याकाळी पाचच्या आसपास. तकायामाच्या जुन्या पेठेतली दुकानं त्याच्याही आधी फळ्या लावायला लागतात. म्हणजे हिवाळ्यात तुमच्या हातात रोज फक्त सकाळी दहा ते दुपारी चार एवढाच दिवस असतो. त्यात पाच वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई. सोळातल्या नऊ ओळी मी त्याच रात्री खोडल्या.

म्हणून पुढचं सगळं नियोजन एकाच नियमावर उभं आहे: एका दिवसात एकतर प्रवास, नाहीतर एक मोठी गोष्ट. दोन्ही नाही.

मार्ग आणि मुक्काम

आमचा मार्ग असा होता: नागोया १ रात्र, तकायामा ४, कानाझावा ३, क्योतो १, किनोसाकी २, ओसाका १. एकूण बारा रात्री. नागोयाला उतरायचं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परतायचं, म्हणजे मागे फिरावं लागत नाही. मुंबईहून सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे जाताना येण्याचं आणि जाण्याचं शहर वेगळं ठेवलं तर तिकीट फारसं महागत नाही. शोधताना 'मल्टी-सिटी' हा पर्याय निवडा. तोक्यो या आखणीत नाही. ते वाईट म्हणून नव्हे, तर हिवाळ्याच्या बारा दिवसांत तोक्यो घातलं की लहान गावांना वेळ उरत नाही म्हणून.

केव्हा जायचं? २९ डिसेंबर ते ३ जानेवारी टाळा. हा तिथला दिवाळीसारखा काळ. सगळा देश आपापल्या गावी निघालेला असतो, गाड्या भरलेल्या आणि गावातली छोटी दुकानं, संग्रहालयं बंद. नेमकी तेव्हाच आपल्याकडे नाताळची सुट्टी पडते, ही खरी अडचण. माझा सल्ला: शाळेत रीतसर अर्ज देऊन जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा घ्या. बर्फ खात्रीचा, गर्दी ओसरलेली, हॉटेलं स्वस्त. ते जमणारच नसेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा. पण तेव्हा बर्फ मिळेलच असं मुलांना वचन देऊ नका. फेब्रुवारीत ११ आणि २३ तारखेच्या जोडसुट्ट्या आणि चिनी नववर्ष पाहून तारखा ठरवा.

व्हिसासाठी महाराष्ट्र-गोव्यातल्या लोकांना व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत अर्ज करावा लागतो. एप्रिल २०२४ पासून पर्यटकांना ई-व्हिसा मिळतो. तो विमानतळावर फोनवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो, छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. तेव्हा उतरल्या-उतरल्या चालेल असं सिम किंवा विमानतळाचं वायफाय याची सोय आधी करा. दिवसवार कार्यक्रम अर्जासोबत द्यावा लागतो. म्हणजे वरचं नियोजन तसंही करावंच लागणार आहे.

तिकिटं: पासाच्या मोहात पडू नका

ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभर चालणाऱ्या जपान रेल पासची सात दिवसांची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. संथ सहलीत तो वसूल होत नाही. याच पट्ट्यासाठी तकायामा-होकुरिकु नावाचा पाच दिवसांचा प्रादेशिक पास आहे. कागदावर तो अगदी आपल्यासाठी बनवल्यासारखा वाटतो, पण ते पाच दिवस सलग मोजले जातात. तकायामात चार रात्री राहिलात की पाचव्या दिवशी कानाझावाला पोचता-पोचता पास संपला. पास वसूल करायला आपण धावायला लागतो, आणि तेच तर टाळायचं आहे. आम्ही सुटी तिकिटं काढली आणि हिशेब जवळपास सारखाच किंवा कमी आला. तुमच्या तारखा आणि त्या वेळचे दर घालून एकदा बेरीज करून पाहा.

तिकिटाची रचना आधी समजून घ्या, नाहीतर खिडकीवर गोंधळ होतो. जलद गाडीसाठी दोन भाग असतात: मूळ भाडं आणि वर जलद गाडीचा अधिभार. दोन्ही मिळून प्रवास होतो. बरेचदा हातात खरोखर दोन कागद येतात, दोन्ही जपून ठेवा. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मं भाडं. सहाच्या आतली मुलं मोठ्यांच्या मांडीवर फुकट. पण नागोया-तकायामा अडीच तास आहे, आणि पाच वर्षांचं पोर अडीच तास मांडीवर घेऊन पाहा! त्यालाही निम्मं भाडं भरून स्वतंत्र आसन घेतलं. आरक्षण प्रवासाच्या एक महिना आधी खुलं होतं. इतक्या आधी करण्याची गरज जानेवारीत सहसा नसते. नागोयाला उतरल्यावर आम्ही स्टेशनच्या खिडकीवर सगळे टप्पे एकदम काढले. एका कागदावर तारीख, गाडीचं नाव आणि क्रमांक, कुठून-कुठे, किती मोठे, किती लहान एवढं आकड्यांत लिहून तो पुढे केला. न बोलता दहा मिनिटांत काम झालं.

शहरात टॅप करायचं आयसी कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवलेलं प्रवासाचं कार्ड, उपयोगी आहेच. मात्र ते डोंगरातल्या छोट्या स्टेशनांवर चालेलच असं धरू नका, आणि एका विभागात टॅप करून आत शिरून दूरच्या दुसऱ्या विभागात बाहेर पडता येत नाही. लांबच्या टप्प्यांना कागदी तिकीटच.

सामान

हा या सहलीचा सर्वांत मोठा शोध. मोठ्या बॅगा गाडीत न्यायच्याच नाहीत. हॉटेलच्या काउंटरवर सकाळी बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता आणि पोचण्याची तारीख लिहायची, पैसे भरायचे. दुसऱ्या दिवशी बॅग तिथे हजर. याला 'ताक्युबिन' म्हणतात. पिल्लाला तोंडात धरून नेणारी काळी मांजर जिच्या गाड्यांवर दिसते ती कंपनी यात सर्वांत ओळखीची. बर्फवृष्टीत एखादा दिवस उशीर होऊ शकतो, म्हणून सोबत दोन रात्रींचे कपडे, औषधं आणि सगळी कागदपत्रं ठेवा. आम्ही नागोयाहून एक बॅग थेट कानाझावाला पाठवली आणि तकायामाचे चार दिवस पाठीवरच्या पिशव्यांवर काढले. आईला जिने चढताना हात मोकळे मिळाले, एवढ्यासाठीसुद्धा ते पैसे वसूल होते.

कपड्यांत एकच चूक सगळे करतात: एकच जाडजूड जॅकेट. बाहेर शून्याखाली पाच अंश असताना गाडीत आणि दुकानात इतकं गरम असतं की घाम फुटतो. आतून अंगाला चिकटणारे थर्मल, मध्ये लोकरी, वर वारा-पाणी अडवणारं पातळ जॅकेट. दर अर्ध्या तासाने काढघाल करता आली पाहिजे. लोकल गाडीत आसनाखालीच हीटर असतो. पोटऱ्या भाजतात, मुलांना पाय मागे टेकवू देऊ नका.

बूट पाणी न शिरणारे, आणि सहज काढता-घालता येणारे. घरवजा हॉटेल, देऊळ, काही उपाहारगृहं, सगळीकडे बूट काढावे लागतात. नाड्यांचे बूट घेऊन गेलो आणि पहिल्याच दिवशी पस्तावलो. पायमोज्यांना भोक नको, हे आईने निघताना सांगितलं होतं! तळव्याला लावायचे घसरण-रोधक पट्टे आणि खिशात ठेवायच्या गरम पुड्या, ज्यांना 'काइरो' म्हणतात, त्या तिथल्या औषधांच्या दुकानात मिळतात. इथून नेऊ नका.

पहिले दोन दिवस

जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिथले सकाळचे नऊ म्हणजे मुलांच्या शरीरासाठी पहाटेचे साडेपाच. तेव्हा पहिल्या दिवशी सकाळची गाडी घेऊ नका. आम्ही नागोयात निवांत नाश्ता करून बाराच्या सुमाराची 'हिदा' गाडी घेतली.

ही गाडी सुटली की मुलं विचारतील, आपण उलटे का चाललोय? आसनं मागे तोंड करून असतात. घाबरून खुर्ची फिरवू नका. वीसेक मिनिटांत गिफू स्टेशन येतं, तिथे गाडीची दिशा बदलते आणि मग सगळे सुलट होतात. पुढे हिदा नदीची दरी लागते, गेरोच्या गरम झऱ्यांचं गाव जातं, आणि हिरवट पाण्याच्या काठावर बर्फ दिसायला लागतो. गाडीत विकायला कोणी येत नाही, नागोयालाच डबा आणि पाणी घेऊन चढा.

तकायामा

चार रात्री जास्त वाटतील. नाहीत. जुनी पेठ पोचल्यावर आणि सकाळी जमेल तशी, मग एक दिवस शिराकावा-गो, एक फुरुकावा आणि एक कशासाठीच नाही. तो मोकळा दिवस काढून टाकू नका. बर्फामुळे बस रद्द झाली तर तोच कामी येतो, आणि नाही झाली तर मुलं हॉटेलबाहेर तीन तास बर्फाचा माणूस करतात.

मियागावा नदीकाठचा सकाळचा बाजार हिवाळ्यात आठनंतर हळूहळू भरतो आणि बारापर्यंत उठतो. लोणची, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण), लाकडी खेळणी, आणि 'सारुबोबो' नावाची बिनचेहऱ्याची लाल बाहुली. इथे शाकाहारी माणसासाठी एक आनंदाची गोष्ट आहे: तकायामाचे मिताराशी दांगो, म्हणजे काडीला लावून भाजलेले तांदळाच्या पिठाचे गोळे. इतरत्र ते गोड पाकात असतात, इथे मात्र सोया सॉस लावून निखाऱ्यावर खरपूस केलेले. आईने सलग दोन काड्या संपवल्या. जवळच तकायामा जिन्या आहे. १६९२ पासून हा भाग थेट एदोच्या (आजच्या तोक्योच्या) शोगुनांच्या, म्हणजे लष्करी शासकांच्या, अमलाखाली आला, तेव्हापासूनची ही सरकारी कचेरी. तातामी चटयांवरून पायमोज्यांनी फिरायचं, तेव्हा दोन जोड पायमोजे घाला. फरशी बर्फासारखी गार असते.

जुन्या पेठेत छपराखालून चालू नका. छपरावरचा बर्फ सैल झाला की एकदम खाली येतो. मुलांना रस्त्याच्या मधल्या बाजूला ठेवा. शिराकावा-गोला तर हे दुप्पट खरं. तिथे तकायामाहून बसने सुमारे पन्नास मिनिटं लागतात. हात जोडल्यासारख्या उभ्या छपरांची घरं, १९९५ पासून जागतिक वारसा. जाणारी आणि येणारी दोन्ही बस आधी आरक्षित करा. जानेवारी-फेब्रुवारीतल्या ठरावीक संध्याकाळी दिव्यांची रोषणाई असते, पण त्यासाठी महिनोन्‌महिने आधी नोंदणी लागते आणि गर्दी प्रचंड. आम्ही गेलो नाही, चुकल्यासारखं वाटलं नाही.

हिदा-फुरुकावा मला तकायामापेक्षाही आवडलं. लोकलने पंधरा मिनिटं. लोकलमध्ये एकच माणूस, तो म्हणजे चालक. मागच्या दारातून चढायचं, यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, आणि उतरताना पुढच्या दाराशी चिठ्ठी व पैसे टाकायचे. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. हे बटण कोण दाबणार यावर आमच्याकडे पूर्ण प्रवासभर भांडण चाललं. पाळी आधीच ठरवून घ्या. गावातल्या सेतो कालव्यात हजारेक कोई मासे असतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण हिवाळ्यात त्यांना दुसऱ्या तळ्यात हलवतात. मुलांना आधी सांगून ठेवा.

१५ जानेवारीला जमत असेल तर संध्याकाळ फुरुकावातच काढा. त्या रात्री गावातल्या तीन देवळांना पायी जायचा 'सान्तेरा माइरी' असतो. पूर्वी रेशमाच्या गिरण्यांत राबून घरी परतलेल्या मुली नटूनथटून कालव्याकाठी चालायच्या, त्यातून लग्नं जुळायची, म्हणून हा दिवस जोडीदार मागण्याचाही झाला. माणसाहून उंच बर्फाच्या मेणबत्त्या रस्त्यात पेटवतात. मागणं असेल तर पांढरी मेणबत्ती, पूर्ण झालं असेल तर पुढच्या वर्षी लाल. आपली संक्रांत आदल्या दिवशीच झालेली. डब्यातला तिळगूळ आईने शेजारी उभ्या आजीबाईंना दिला, त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. 'गोड बोला'चं भाषांतर मात्र फोनलाही जमलं नाही. परतीची शेवटची गाडी आधी पाहून ठेवा.

खाणं, विशेषतः शाकाहारी

स्पष्ट सांगतो: जपानमध्ये भाजी दिसते म्हणून पदार्थ शाकाहारी नसतो. 'दाशी' हा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात, शिजवलेल्या भाज्यांत, अंड्याच्या गुंडाळीतही असतो. 'नो मीट' म्हटलं की मांस काढतात, मासा राहतो. मांस, मासा, दाशी काहीच नको, असं जपानीत लिहिलेलं कार्ड फोनमध्ये ठेवा. पारंपरिक निवासात जेवण सांगणार असाल तर आरक्षण करतानाच कळवा. ऐन वेळी सांगितलं तर ते अवघडतात, आणि आपणही.

आमची वाट अशी होती. नाश्ता हॉटेलात. दुपारी बाहेर जे मिळेल ते. रात्री खोलीत. कोन्बिनी, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या किराणा दुकानात शिजवलेल्या कोऱ्या भाताचे डबे मिळतात, दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवले की वाफाळता भात तयार. त्यावर घरून नेलेलं मेतकूट, तुपाची छोटी बाटली आणि लिंबाचं लोणचं. चौदा तास बर्फात भिजल्यासारख्या त्या रात्री मेतकूट-भाताची चव काय वर्णावी! शिवाय एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, दही, केळी, आणि हिवाळ्यात दुकानाच्या दाराशीच भाजत ठेवलेली रताळी, 'याकी-इमो'. मधासारखी गोड, एकादशीची आठवण झाली.

नेताना एक ध्यानात ठेवा. कच्चे तांदूळ-डाळी, ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मिरच्या नेऊ नका. मांसाचे पदार्थ तर अजिबात नाही. भाजलेली पिठं, लोणचं, बंद पाकिटातले तयार पोहे-उपमा ठीक.

तोयामामार्गे कानाझावा

तकायामाहून पुढे तोयामापर्यंत जाणाऱ्या 'हिदा' गाड्या दिवसाला मोजक्याच आहेत, म्हणून ही वेळ आधी ठरवून बाकीचा दिवस तिच्याभोवती बांधा. दीड तासाचा हा टप्पा सगळ्या सहलीतला सर्वांत देखणा, आणि सर्वांत बेभरवशाचाही. जोरदार बर्फ पडणार असेल तर रेल्वे आदल्या दिवशीच गाड्या रद्द केल्याचं जाहीर करते. रोज रात्री झोपण्यापूर्वी रेल्वेचं संकेतस्थळ पाहायची सवय लावा. गाडी रद्द झाली तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात; तकायामा-कानाझावा थेट बसही आहे. डोंगरातला टप्पा परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कधीही ठेवू नका.

तोयामाहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, कानाझावा पंचवीस मिनिटांत येतं. 'डबा विसरलास तरी छत्री विसरू नकोस' अशी त्या भागात म्हणच आहे, आणि ती अक्षरशः खरी आहे. तासाभरात ऊन, पाऊस, गारा, बर्फ सगळं होतं, हिवाळ्यात वीजही कडाडते. रस्त्याच्या मधोमध बसवलेल्या नळ्यांतून भूजल उडवून बर्फ वितळवतात, त्यामुळे पायाखाली बर्फाचं नव्हे तर पाण्याचं तळं. पाणी न शिरणाऱ्या बुटांचा खरा उपयोग इथे.

केन्रोकुएन बागेत झाडांना दोरांनी शंकूसारखं बांधलेलं दिसेल, 'युकित्सुरी'. ओल्या, जड बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून दर १ नोव्हेंबरला हे काम सुरू होतं. आमची मुलगी बराच वेळ गप्प पाहत राहिली आणि म्हणाली, झाडांना झोळीत घातलंय. जपानचा जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख याच शहरात बनतो. तो लावलेलं आइस्क्रीम महाग आणि चवीला काहीच वेगळं नाही, तरी मुलं ते मागणारच.

क्योतो फक्त रात्रीपुरतं, मग किनोसाकी

१६ मार्च २०२४ पासून शिनकानसेन त्सुरुगापर्यंत जाते, त्यामुळे कानाझावा-क्योतो थेट गाडी आता नाही. त्सुरुगाला वरच्या फलाटावरून खालच्या फलाटावर उतरून 'थंडरबर्ड' पकडायची. वेळापत्रकात बदलासाठी आठेक मिनिटं असतात. ती पुरतात, पण गाडी थांबण्याआधी दाराशी उभं राहायला हवं, आणि स्वच्छतागृह आधीच उरकून घ्या.

क्योतोहून 'किनोसाकी' नावाचीच गाडी अडीच तासांत गावात सोडते. एक नदी, काठावर वाकलेली झाडं, आणि सात सार्वजनिक स्नानगृहं. गावातल्या निवासात उतरलात तर ती फुकट. त्यांचे सुट्टीचे वार वेगवेगळे असतात, तेवढे विचारून घ्या. लोक युकाता (सुती किमोनो) आणि लाकडी चपला घालून बर्फात फिरतात. स्नान विवस्त्र, बायका-पुरुष वेगळे. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ धुवायचं, मग कुंडात उतरायचं, पंचा पाण्यात बुडवायचा नाही. सुमारे सात वर्षांपुढचं मूल विरुद्ध बाजूच्या स्नानगृहात चालत नाही, तेव्हा कोण कोणाबरोबर जाणार ते ठरवून ठेवा. लाज वाटणार हे गृहीत धरा. त्यावर उपाय आहे: बहुतेक निवासांत तासाभरासाठी कुटुंबापुरतं बंद स्नानगृह मिळतं. आई आधी तिथे गेली, आणि दुसऱ्या दिवशी सार्वजनिकमध्ये, आपणहून. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी पाच-सात मिनिटांत बाहेर यावं आणि पाणी प्यावं. गुडघे दुखत असतील तर जमिनीवरच्या बिछान्याऐवजी पलंगाची खोली मागा. मागितली तर अनेक ठिकाणी मिळते.

हिवाळा हा इथला खेकड्यांचा हंगाम, त्यामुळे दर चढे असतात. खेकडा खाणार नसाल तर नुसत्या नाश्त्यासह खोली घ्या, बराच फरक पडतो.

ओसाकाला नेणाऱ्या गाडीचं नाव 'कोनोतोरी', म्हणजे करकोचा. १९७१ मध्ये हा पक्षी जपानच्या रानातून नाहीसा झाला होता, आणि किनोसाकीशेजारच्या तोयोओकात पाळून वाढवलेले करकोचे २००५ मध्ये पुन्हा मोकळे सोडले. खिडकीतून शेतांकडे लक्ष ठेवा. आम्हाला एक दिसला, निदान मुलाचं तसं म्हणणं आहे.

शेवटच्या दिवशी कान्साई विमानतळावर तीन तास आधी पोचा. विमानतळ समुद्रात आहे आणि वारा फार असला की पुलावरची रेल्वे थांबते. आयसी कार्डात उरलेले येन आम्ही तिथल्या कोन्बिनीत संपवले: चार ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आईसाठी आंबट आलुबुखाऱ्याची, आणि एक शेवटचं रताळं.